स्क्रीन आपोआप अर्धी होते आणि एक्सेलमध्येही दोन भाग पडलेत, बंद कसं करायचं?

इतवारी_हिशोब

नमस्कार मंडळी. कळमना बाजारातल्या अडत पट्ट्यांचे (अडत्याच्या हिशोबाच्या पावत्यांचे) पीडीएफ डावीकडे आणि एक्सेल उजवीकडे ठेवून वजन, हमाली, तोलाईचे आकडे भरायचे असतात, म्हणून स्प्लिट स्क्रीन हवीच आहे. पण विंडो जराशी सरकवली तरी चिकटून अर्धी होऊन राहिली आहे. पूर्ण करायला विंडोज की आणि वरचा बाण दाबला तर आणखी लहान, पाव स्क्रीनची होते. शिवाय एक्सेलमध्ये मधोमध आडवी पट्टी आली आहे, वर-खाली तेच शीट दिसतं. फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली तरी पट्टी तिथेही हजर. विंडोज ११, स्क्रीन १३६६ × ७६८. दोन्ही एकाच ठिकाणाहून बंद होतं का? अँड्रॉइड फोनवर कसं बंद करायचं, तेही सांगा.

बर्डी_सपोर्ट

भाऊ, एका ठिकाणाहून नाही होणार, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही भागांना आपापलं फुलीचं बटण असेल तर वाटणी विंडोजने केली आहे. फुली एकच पण उभ्या स्क्रोलपट्ट्या दोन, तर ती त्या प्रोग्रामची.

आधी विंडोजचं. सेटिंग्ज, सिस्टिम, मल्टिटास्किंग असं जा. तिथे 'स्नॅप विंडोज'चा, म्हणजे विंडो काठाला चिकटवायच्या सोयीचा, स्विच दिसेल. तो बंद करू नका, कारण मग शेजारी-शेजारी लावायची सोयच जाते. त्याच ओळीतला बाण दाबा, खाली चौकटींची यादी उघडते. 'विंडो काठापर्यंत न ओढताही स्नॅप होऊ दे' अशा अर्थाची ओळ आहे, तिची टिकली काढा. जराशा हालचालीने चिकटणं त्यामुळेच होतं. विंडो वर नेली की चौकटींची पट्टी उतरते, ती नको असेल तर तिचीही ओळ यादीत आहे.

वरच्या बाणाचं असं, की अर्ध्यावर बसलेल्या विंडोला तो 'वरच्या कोपऱ्यात जा' असं सांगतो. पूर्ण करायची तर शीर्षकपट्टीवर डबल क्लिक करा. डावीकडे बसलेली विंडो सोडवायला विंडोज की आणि उजवा बाण.

धंतोली_एक्सेल

एक्सेलची पट्टी म्हणजे व्ह्यू टॅबमधलं 'स्प्लिट'. तेच बटण पुन्हा दाबलं की जाते, किंवा पट्टीवरच डबल क्लिक. कीबोर्डवर ऑल्ट, मग डब्ल्यू, मग एस, एकामागून एक. ही मांडणी फाइलसोबत सेव्ह होते, म्हणूनच दुसऱ्या संगणकावरही दिसली. पट्टी काढून फाइल सेव्ह करायला विसरू नका. आणि ती शीटगणिक वेगळी असते, बाकी शीटही तपासा.

वर्डमध्ये असंच झालं तर ऑल्ट, कंट्रोल आणि एस एकत्र दाबा.

इतवारी_हिशोब

टिकली काढली, आता काठापर्यंत नेल्याशिवाय चिकटत नाही. पट्टीही गेली. पण आता खाली गेलं की शीर्षकांची ओळ वर निघून जाते, हमाली कुठली नि तोलाई कुठली कळत नाही. आणि अर्ध्या स्क्रीनमध्ये रकाने मावत नाहीत.

धंतोली_एक्सेल

त्यासाठी स्प्लिट नाही, फ्रीझ. आधी कंट्रोल आणि होम दाबून शीटच्या माथ्यावर या, मग व्ह्यू, फ्रीझ पेन्स, फ्रीझ टॉप रो. माथ्यावर येणं चुकवू नका. ही आज्ञा त्या क्षणी सर्वांत वर दिसणारी ओळ गोठवते. शीट चाळीसाव्या ओळीवर असेल तर चाळीसावी गोठते आणि तिच्या वरच्या ओळींपर्यंत स्क्रोल करून जाताच येत नाही. डेटा उडाला असं वाटून लोक घाबरतात. अनफ्रीझ केलं की सगळं परत.

बर्डी_सपोर्ट

जागेचं गणित पाहा. १३६६ चे अर्धे ६८३. डिस्प्लेचं स्केल १२५ टक्के असेल तर प्रत्यक्षात ५४६ इतकीच रुंदी हाती येते, म्हणून स्केल १०० वर ठेवा. आणि निम्मं-निम्मंच हवं असं कुठे आहे? दोन विंडोंच्या मधल्या काठावर माऊस नेऊन ओढा, दोन्ही एकदम कमी-जास्त होतात. अडत पट्टीच्या पीडीएफला ४० टक्के पुरतात, एक्सेलला ६० द्या. कंट्रोल आणि एफ१ ने एक्सेलची वरची रिबन मिटते. ७६८ च्या उंचीत तेवढ्याने चार-पाच ओळी जास्त दिसतात.

सदर_मोबाइल

फोनचं थोडक्यात. मधली रेघ बोटाने धरून अगदी वर किंवा अगदी खाली ओढत न्या, अर्ध्यावर सोडली तर परत मध्ये येऊन बसते. ज्या बाजूला ढकलाल ते अ‍ॅप हटतं, दुसरं पूर्ण होतं. पुन्हा लावायचं तर रिसेंट्स (अलीकडे उघडलेल्या अ‍ॅपची यादी) उघडून अ‍ॅपच्या कार्डावरचं चिन्ह दाबा, त्यात 'स्प्लिट स्क्रीन' येतं. येतच नसेल तर त्या अ‍ॅपलाच ती सोय नाही, फोन बिघडलेला नाही. सॅमसंगवर आपोआप होत असेल तर सेटिंग्ज, अ‍ॅडव्हान्स्ड फीचर्स, मल्टी विंडो इथे दोन बोटांच्या स्वाइपचा पर्याय बंद करा.