छत-क्वार्टर पॅनेलच्या जोडातलं शिसं: ठेवायचं की काढायचं?

प्रश्न: १९६९ ची शेव्हर्ले शेव्हेल गाडी. छत आणि क्वार्टर पॅनेलच्या (मागच्या चाकावरचा बाजूचा पत्रा) जोडावर रंगाला केसाएवढी चीर, बाजूला बारीक फोड. सरळ पुटी मारू का?

उत्तर १: नुसती पुटी नको. तिथे फक्त स्पॉट वेल्ड (ठिपक्या-ठिपक्यांनी केलेलं वेल्डिंग) असतात, पत्रा हलला की पुटी तडकते. कारखान्यात त्या खाचेत शिसं-कथील भरून कानस मारत. छतावरच्या विनाईल आवरणाखाली हे काम बरेचदा ओबडधोबडच सापडतं. फोड बहुधा राहिलेल्या फ्लक्सचे (शिसं धरावं म्हणून पत्रा साफ करणारं रसायन).

उत्तर २: शिसं पक्कं धरून असेल तर उगाच छेडू नका. सुटलं असेल तर मंद ज्योतीने वितळवून काढा, पत्रा चकचकीत करा, टिनिंग पेस्ट (कथील आणि फ्लक्सचा लेप) लावून गरम असतानाच पुसा. रुपेरी थर सलग दिसला पाहिजे. काळा ठिपका राहिला तिथे शिसं धरणार नाही. मग ७० टक्के शिसं, ३० टक्के कथील असलेली कांडी. ती १८३ ते साधारण २५५ अंश सेल्सिअसदरम्यान लोण्यासारखी राहते, मेण लावलेल्या लाकडी पट्टीने दाबत पसरा. ज्योत एकाच जागी धरलीत तर छताला पोक येईल.

उत्तर ३: ग्राइंडर अजिबात नको, शिशाची धूळ विषारी. कानसच. शेवटी खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने धुवा, वाळवा, मगच इपॉक्सी प्रायमर.