सोफ्यावरचे तांदूळ अन् उरलेलं औषध

(त्रिमूर्तीनगर, नागपूर. सोसायटीचा ग्रुप. रविवार, पोळ्याच्या आधीचा.)

सकाळी ८:१२, चिकूची आई (बी-३०३): कुत्र्याच्या जंताच्या चांगल्या गोळीचं नाव सांगा न कोणी. चिकूला पंधरा दिवसांआधी औषध पाजलं, तरी आज सोफ्यावर तांदळासारखे दाणे दिसले. एक तं हलून राहिला होता. फोटो टाकते.

८:१३, सेक्रेटरी: फोटो नका टाकू. तर्री-पोहे खाऊन राहिलो.

८:१३, चिकूची आई: टाकला.

८:१५, सेक्रेटरी: 🙏

८:१९, ए-१०२ काका: *फॉरवर्ड केलेला मेसेज.* रोज सकाळी लसणाच्या ४ पाकळ्या, जंत मुळापासून साफ. औषध कंपन्या हे सांगणार नाहीत.

८:२१, सी-१०४ (व्हेटर्नरीवाली ताई): काका, लसूण नका देऊ. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. चिकूची आई, मी फायनल इयरला आहे, औषध लिहून देऊ शकत नाही. पण फोटोवरून हे पट्टकृमीचे तुकडे वाटतात. ओले असतात तेव्हा काकडीच्या बीसारखे, वाळले की तांदळासारखे. आधी पाजलेल्या बाटलीचा फोटो टाका.

८:२६, चिकूची आई: ही. पिल्लू असतानाची, अर्धी उरली होती.

८:३४, सी-१०४: यात फक्त पायरँटेल आहे. ते गोलकृमी अन् अंकुशकृमीवर चालतं, पट्टकृमीला काहीच होत नाही. त्याला प्राझिक्वांटेल लागतं. अन् डोस वजनावर असतो, चिकू आता पिल्लू राहिला नाही. वजन करून डॉक्टरांना विचारा.
पण नुसत्या गोळीने भागत नाही. पिसवेची अळी या कृमीची अंडी खाते, मोठी पिसू होऊन कुत्र्याच्या अंगावर येते, कुत्रा खाजवता-चाटता तिला गिळतो, अन् तीनेक आठवड्यांत पुन्हा सोफ्यावर तांदूळ. त्याची गादी गरम पाण्यात धुवा, सोफ्याच्या फटी व्हॅक्यूमने काढा, अंगावरच्या पिसवांचं औषध सोबतच सुरू करा. शी तपासली अन् रिपोर्टमध्ये 'काही नाही' आलं तरी विश्वास ठेवू नका. याचे तुकडे अख्खेच बाहेर पडतात, अंडी सुटी मिळतीलच असं नाही.

८:३७, डी-२०१: आमची पोरगी दिवसभर चिकूला मिठ्या मारते. तिलाही औषध पाजू का??

८:४१, सी-१०४: या कृमीसाठी तिला पिसू गिळावी लागेल. होतं कधीकधी लहान मुलांत, पण क्वचित. मला जास्त काळजी बगिच्यातल्या वाळूची आहे. गोलकृमीची अंडी ताज्या शीमध्ये असतात तेव्हा लागण करत नाहीत. त्यांना तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. मग मात्र महिनोन्महिने मातीत टिकतात. मुलांच्या नखांतून पोटात गेली तर अळ्या यकृतात, फुफ्फुसात, कधी डोळ्यातही जातात. म्हणून शी त्याच दिवशी उचलायची.

८:४३, सेक्रेटरी: ऐका सगळे. तान्ह्या पोळ्याला पोरं तिथेच लाकडी बैल घेऊन बसणार आहेत. तीन वेळा नोटीस लावली. आता नाव टाकून लावीन.

८:४४, बी-४०१: नाव टाकायला आधी बघावं तं लागेल कोणाचा कुत्रा आहे. सीसीटीव्ही दिवाळीपासून बंद आहे.

८:४४, सेक्रेटरी: तो विषय मीटिंगमध्ये.

९:०५, ए-१०२ काका: बेटा, लसणाचं सोड. कुत्र्यायच्या गोचिडायचं काय करायचं? जिन्यात भिंतीवर चढून राहिले. आमच्या काटोलकडं गोठ्यात ढोराईले एकदा फवारलं का बरेच दिवस चिंता नसे.

९:१४, सी-१०४: काका, गाईची गोचीड अन् कुत्र्याची गोचीड, दोघींची रीत वेगळी. गाईची एकदा चढली की त्याच गाईवर मोठी होते, अंडी घालायलाच खाली उतरते. म्हणून गाईवर फवारलं की बऱ्याच सापडतात. कुत्र्याची तीनदा रक्त पिते अन् तिन्ही वेळा खाली उतरते. कात टाकायला, अंडी घालायला भिंतीची फट, दाराची चौकट, पायदानाखालची जागा शोधते. एक मादी हजारो अंडी घालते. कुत्र्यावर दिसतात त्या थोड्या, बाकीच्या आपल्या जिन्यात आहेत. उपाशीही महिनोन्महिने राहतात. म्हणून कुत्र्याला औषध अन् फटींत फवारणी, दोन्ही एकाच वेळी लागतं, अन् पुन्हा पुन्हा.

९:१६, ए-१०२ काका: अन् आमच्या भावाच्या बकऱ्या? दर महिन्याले औषध पाजतो, तरी दोन गेल्या.

९:२५, सी-१०४: दर महिन्याला सगळ्यांना पाजतात, तिथेच गडबड असावी. जे जंत औषधाला दाद देत नाहीत तेच उरतात अन् पुढे त्यांचीच पैदास होते. पावसाळ्यात बकरीच्या पोटात रक्त पिणारा जंत असतो. खालची पापणी उलटवून पाहायला सांगा. लालभडक असली तर पाजू नका. पांढरट असली, जबड्याखाली सूज आली, तर उशीर करू नका. अन् लेंड्या तपासायला पाठवा, पाजायच्या आधी अन् दोन आठवड्यांनी. मिठाच्या संपृक्त पाण्यात लेंडी कुस्करली की अंडी तरंगून वर येतात, ती मोजतात. नंतरही तेवढीच निघाली तर ते औषध बदलायचं. यकृतातल्या पानकृमीची मात्र तरंगत नाहीत, जड असतात, तळाशी पाहावं लागतं. हे तपासणाऱ्याला सांगावं लागतं, नाहीतर तो वरचंच पाहून 'निल' लिहितो.

९:२६, ए-१०२ काका: भावाले फोन लावतो. शिकली न पोरगी आपली.

९:५०, सेक्रेटरी: सूचना. टाकी सफाई आहे. १०:३० ला पाणी बंद.

१०:२१, डी-४०२ वहिनी: एक विचारायचं होतं. चिकूच्या आईने परवा ते पिसवा-गोचिडांचं, मानेवर टाकायचं औषध दिलं होतं, त्यांच्याकडे जास्तीचं होतं. काल रात्री मी आमच्या मनीला अर्धंच टाकलं. सकाळपासून तिचे कान फडफडून राहिले अन् पाय थरथरून राहिले. नॉर्मल आहे का?

१०:२१, सी-१०४: मनी मांजर आहे न??

१०:२१, डी-४०२ वहिनी: हो.

१०:२२, सी-१०४: ट्यूबवर पर्मेथ्रिन लिहिलंय?

१०:२३, डी-४०२ वहिनी: चष्मा आणते

१०:२४, डी-४०२ वहिनी: हो

१०:२४, सी-१०४: नॉर्मल नाही. मांजराच्या यकृताला ते पचत नाही. उलटी करवू नका, दूध-तूप काही पाजू नका. झटके येत नसतील तर भांडी घासायच्या लिक्विडने मान अन् पाठ धुवा. पाणी कोमट, गरम नाही, गरमने आणखी आत जातं. पुसून टॉवेलात गुंडाळा अन् निघा. झटके येत असतील तर धुवू नका, सरळ निघा. ट्यूब सोबत घ्या. मी वर येऊन राहिले.

१०:२५, सी-१०४: सेक्रेटरी काका, पाणी १० मिनिटं राहू द्या!!

१०:२५, सेक्रेटरी: राहू दिलं. गाडी खाली लावतो.

१०:२७, चिकूची आई: अहो वहिनी, मी 'डॉगसाठी आहे' म्हटलं होतं न 😢

१०:२८, बी-४०१: आत्ता ते नको.

दुपारी २:४०, डी-४०२ वहिनी: मनी दवाखान्यात आहे. थरथर कमी झाली. स्नायू सैल करायचं इंजेक्शन अन् सलाइन सुरू आहे. आज तिथेच ठेवणार. डॉक्टर म्हणाले, धुवून आणलं ते बरं केलं. चिकूची आई, तुमची चूक नाही. डब्यावर मांजरीच्या चित्रावर फुली होती, मी डब्बा कधीच फेकला होता.

२:४२, चिकूची आई: संध्याकाळी मी थांबते दवाखान्यात. तुम्ही घरी येऊन जेवून जा.

२:५०, सी-१०४: सगळ्यांनी घरातलं उरलेलं औषध एकदा पाहा. गाई-म्हशींचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन अंदाजाने कुत्र्याला टोचणारेही भेटतात. कोली, शेल्टी या जातींच्या बऱ्याच कुत्र्यांत एक जनुक असं असतं की ते औषध थेट मेंदूत चढतं. ज्या औषधासाठी २०१५ चं नोबेल मिळालं तेच.

संध्याकाळी ६:१०, सेक्रेटरी: ताई, आणखी एक. गेटवरचा काळू दोन दिवसांपासून जेवत नाही. म्हातारा झाला म्हणून सोडून दिलं होतं. पण वॉचमन म्हणतो लघवी कोऱ्या चहासारखी होऊन राहिली.

६:१२, सी-१०४: हिरड्या पाहा, गुलाबी की पांढऱ्या? अन् कानाच्या आतून.

६:१९, सेक्रेटरी: पांढऱ्या. कानात गोचिडांचा गुच्छ आहे बावा.

६:२१, सी-१०४: उद्या सकाळी पहिल्या नंबरला सेमिनरी हिल्सला आमच्या कॉलेजच्या दवाखान्यात. मी तिथेच भेटते. तोवर जंताची गोळी, क्रोसिन, काही नको. क्रोसिन तर बिलकूल नको.

सोमवार, दुपारी १:३०, सेक्रेटरी: काळूला नेऊन आणलं. कानाच्या टोकाला टोचून थेंबभर रक्त काचेवर घेतलं. ताईने मला सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. लाल गोल पेशी अन् त्यात जोडीजोडीने थेंबासारखे ते. बबेसिया, म्हणजे गोचिडीतून रक्तात येणारा परजीवी. मला वाटत होतं वय झालं.

१:३६, सी-१०४: यात मोठ्या आकाराचा निघाला म्हणून इमिडोकार्बचं इंजेक्शन दिलं. लहान आकाराचा असता तर त्याने नीट भागत नाही, औषधं वेगळी अन् महाग. दुसराही एक गोचिडांचा ताप असतो, त्यात प्लेटलेट पडतात, नाकातून रक्त येतं, त्याला डॉक्सिसायक्लिन महिनाभर. सगळ्यांना आपण 'टिक फीव्हर' म्हणतो. काळूचं काउंटही काढलंय, रिपोर्ट उद्या. दुसरं इंजेक्शन १४ दिवसांनी, विसरू नका.

१:३८, सेक्रेटरी: मोबाइलमध्ये रिमाइंडर लावला. खर्च मेंटेनन्समधून नाही, माझ्याकडून. कोणी मीटिंगमध्ये काढू नका.

१:४०, बी-४०१: 👏 सीसीटीव्ही?

१:५२, सी-१०४: सोसायटीतल्या सहाही कुत्र्यांचे शीचे नमुने मी बुधवारी लॅबला नेते. ताजी शी, चमचाभर, माती न लागलेली, झाकणाच्या डबीत. डबीवर कुत्र्याचं नाव अन् तारीख. लगेच देता येत नसेल तर फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नको.

१:५५, डी-४०२ वहिनी: मनी घरी आली. खाऊन झोपली.

बुधवार, सकाळी ७:४८, चिकूची आई: ताई, चिकूचा नमुना आणखी एक दिवस चालेल का? काल रात्री घेऊन संत्रा बर्फीच्या रिकाम्या डबीत ठेवला होता, फ्रीजमध्ये. नाव लिहायचं राहिलं.

७:४९, सी-१०४: मग?

७:५१, चिकूची आई: सासरे रात्री उठले होते. खाल्लं नाही, झाकण उघडलं फक्त. पण डबी गॅलरीतून खाली गेली.

७:५२, ए-१०२ काका: ते आमच्या गाडीवर आहे काय?