शंका आली तरी कळवायचं का?

मेधा_सातारा (धागाकर्ती)

शाळेतल्या, सोसायटीतल्या, नात्यातल्या एखाद्या मुलाबाबत काहीतरी वावगं चाललंय असं जाणवलं, की आपल्याकडे मोठी माणसं आधी म्हणतात, "पुरावा हाती येऊ दे, मग बघू." मला हे अजिबात पटत नाही. पुरावा गोळा करणं पोलिसांचं काम आहे. आपण खात्री करायला जातो तेव्हा त्या मुलाला चार जण चार वेळा तेच विचारतात आणि ज्याच्यावर संशय आहे तो सावध होतो.

पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांबद्दलचा कायदा, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्याच्या कलम १९ नुसार गुन्हा घडल्याचं माहीत असलेल्या, किंवा घडेल अशी भीती वाटणाऱ्या कुणीही पोलिसांना कळवायचं आहे. कुणीही म्हणजे शिपाई, शिक्षिका, शेजारीण, सगळेच. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, संस्थेच्या प्रमुखाला वर्षापर्यंत. सद्हेतूनं कळवणाऱ्यावर खटला होऊ शकत नाही, हेही त्याच कलमात आहे.

तरी ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात काय झालं? बालवाडीतल्या दोन मुलींवर शाळेत अत्याचार, आणि लोक रुळांवर उतरले तेव्हा कुठे राज्य हललं. उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, तेव्हा शाळेनं पोलिसांना का कळवलं नाही हाही प्रश्न आला. चंद्रपूर जिल्ह्यातलं राजुऱ्याचं प्रकरणही आठवा. वसतिगृहातल्या, अत्याचार झालेल्या आदिवासी मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांवर न कळवल्याचा गुन्हा होता. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं तो रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२२ मध्ये पुन्हा उभा केला. माहीत असून गप्प राहणं हा गंभीर गुन्हा आहे, असं त्या निकालात स्वच्छ म्हटलंय.

बालाघाटी

लैंगिक अत्याचाराबद्दल दुमत नाही. पण धाग्यात "काहीतरी वावगं" म्हटलंय, आणि त्यात हयगय, आबाळ सगळंच येतं. मी बीडचा. दसरा झाला की आमच्याकडची गावं रिकामी होतात. आईबाप ऊसतोडीला कारखान्यावर, मुलं आजीकडे, आजीला दिसत नाही. बारा वर्षांची पोर भाकऱ्या थापते आणि धाकट्याला सांभाळते. शहरातून आलेल्या एखाद्या ताईला ही हयगय वाटेल आणि ती फोन फिरवेल. मग पोर बालकल्याण समितीपुढे, तिथून बालगृहात, आणि बाप उचल (मजुरीचे आगाऊ पैसे) घेतलेली असल्यामुळे कोयता सोडून येऊही शकत नाही. त्या मुलीचं भलं हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू झाल्यानं होईल, तक्रारीनं नाही.

मेधा_सातारा

बालाघाटी, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि कायद्यानंही तो थोडा ओळखलाय. बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ मध्ये मुलाला मारहाण करणं, जाणूनबुजून आबाळ करणं यासाठी तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण आईबापांना हाताबाहेरच्या परिस्थितीमुळे मूल सोडावं लागलं असेल तर ते मुद्दाम केलं असं धरायचं नाही, हेही तिथेच लिहिलंय. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन म्हणजे लगेच बेड्या असं नसतं. मदत मागायलाही तोच नंबर आहे. आजीला दिसत नाही हे कुणालाच कळलं नाही, तर वसतिगृहाच्या यादीत त्या पोरीचं नाव घालणार कोण?

बालाघाटी

कागदावर बरोबर. तालुक्याला येऊन बघा.

डॉ_स्मिता

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, आणि या सक्तीची दुसरी बाजू रोज माझ्यासमोर बसते. सतरा वर्षांची मुलगी, एकोणीसचा मुलगा, दोघांच्या मर्जीनं. दिवस गेलेत. पॉक्सोत वयाची रेषा १८ ला आहे, त्यामुळे तो मुलगा आरोपी आणि मी कळवायला बांधलेली. हे ऐकलं की मुलगी उठून जाते. कुठे जाते? औषधाच्या दुकानातून गोळ्या आणते, नाहीतर कुणा भोंदूकडे जाते, आणि रक्तस्राव थांबेना झाला की पुन्हा माझ्याकडे. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की मुलीनं आणि पालकांनी विनंती केली तर गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीचं नाव डॉक्टरनं कळवायची गरज नाही. माझा अनुभव असा की पोलीस नाव मागतातच. मेधाताई, "शंका आली की कळवा" हे वाक्य माझ्या तपासणीच्या खोलीत मुलींचा जीव घेऊ शकतं. अत्याचार आणि प्रेमप्रकरण यांत फरक करण्याची मुभा डॉक्टरला हवीच.

शिरीष_न्यूजर्सी

इथे न्यू जर्सीत कायदा सगळ्याच प्रकारांना लागू आहे. मारहाण असो, आबाळ असो, वाजवी शंका आलेल्या प्रत्येकानं कळवायचं. भारतात लैंगिक गुन्ह्यासाठी प्रत्येकावर सक्ती आहे, पण रोज पट्ट्यानं मार खाणाऱ्या पोराबद्दल शेजाऱ्यावर तशी सक्ती नाही. हे मला विचित्र वाटतं. मात्र इथल्या आपल्या लोकांत भीती खूप आहे. मूल पडलं, दात तुटला, तरी इमर्जन्सीत न्यायच्या आधी आईबाप डॉक्टरला काय सांगायचं ते ठरवतात. अशा भीतीनं मूल सुरक्षित होतं असं मला वाटत नाही.

कुमुद_काकू

डॉक्टरीणबाईंचं पटलं. पण घरातल्याच माणसाचं काय? केंद्र सरकारच्या २००७ च्या पाहणीत निम्मे अत्याचारी मुलाच्या ओळखीचे आणि विश्वासातले निघाले होते. काका, मामा, शिकवणीचे सर. तिथे घरचे सगळे "आपल्याच माणसाचं नाव जाईल" म्हणत गप्प बसतात. अशा घरात बाहेरच्यानं कळवलं नाही तर कुणी कळवायचं?

मेधा_सातारा

डॉ. स्मिता, तुमच्या प्रतिसादानंतर माझं म्हणणं थोडं आवरते. सतरा-अठराच्या सीमेवर न्यायालयानं दिलेली सूट नीट पाळली जायला हवी, आणि तुमच्यासारख्यांनी त्यासाठी लेखी आग्रह धरला तर आम्ही शिक्षक सोबत आहोत. पण सहा वर्षांचं पोर एका ठरावीक माणसाला पाहून लघवी करतं, तेव्हा कसली मुभा? तिथे मी कळवणारच, मुख्याध्यापक नाराज झाले तरी. पोलिसांनी मुलाचा जबाब घरी किंवा त्याला हव्या त्या जागी, गणवेश न घालता घ्यायचा असतो, आणि चोवीस तासांत बालकल्याण समितीला कळवायचं असतं. हे आईबापांना आधी सांगितलं तर निम्मी भीती तिथेच सुटते. आमच्या शाळेत सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षिततेसाठीची शाळेतली समिती) कागदावर होती. आता तिची बैठक दर महिन्याला घ्यायला लावलीय.

डॉ_स्मिता

सहा वर्षांच्या पोराबद्दल माझा वाद नाहीच, कधी नव्हता. लेखी आग्रहाचं मनावर घेते. मसुदा आमच्या डॉक्टरांच्या गटात टाकते, पण पोलिसांकडून उत्तर येईपर्यंत त्या मुलीला मी काय सांगायचं, ते इथल्या कुणा वकिलांनी लिहावं.