जांभळा दगड: ॲप म्हणतं ॲमेथिस्ट, मला पटत नाही

दांडियाबाजारच्या_वहिनी

सासऱ्यांचं कपाट आवरताना श्रीखंडाच्या जुन्या डब्यात दगड निघाले. ते बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते, नोकरी बरीचशी छोटाउदेपूर आणि पंचमहाल भागात. काही दगडांना दोऱ्याने चिठ्ठ्या बांधल्यात, त्यावर फक्त गावाचं नाव. मुलाला शाळेच्या प्रदर्शनात मांडायचेत आणि बाईंनी सांगितलंय की प्रत्येकापुढे खनिजाचं नाव हवं.

"आंबाडुंगर" लिहिलेला जांभळा आहे, मधेमधे पांढरा, काचेसारखा. "शिवराजपूर" काळा आणि आकाराच्या मानाने फार जड, हाताला काजळीसारखं लागतं. "रतनपोर" तपकिरी, पट्ट्यापट्ट्यांचा. शिवाय बिनचिठ्ठीचा एक, त्यात सोनेरी चकाकी. (मुलगा आत्तापासून श्रीमंत झालाय.) फोनवरच्या ॲपने जांभळ्याला ॲमेथिस्ट म्हटलं. दुसऱ्या कोनातून फोटो काढला तर काच म्हणालं! घरच्या घरी कसं ओळखायचं?

पावागड_ट्रेकर

जांभळा आणि चमकदार म्हणजे ॲमेथिस्टच. अंगठीत घालतात तो.

डोलोमाइट_काका

ट्रेकरभाऊ, रंगावर जाऊ नका. खनिजाचा रंग म्हणजे पुष्कळदा आत शिरलेल्या चिमूटभर भेसळीचा रंग. ॲप बिचारं फोटोतला रंगच बघतं, दगडाला ओरखडा काढू शकत नाही.

वहिनी, मी काचेच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होतो. वाळू, चुनखडी, डोलोमाइट यांच्या गाड्या आल्या की नमुना आधी माझ्या टेबलावर. तिथली पद्धत सांगतो. आधी ओरखडा. मोहस नावाच्या गृहस्थांनी १८१२ साली दहा खनिजांची कठीणपणाची उतरंड लावली, वरचा खालच्यावर ओरखडा काढतो: तळाला टाल्क १, माथ्यावर हिरा १०. मधलं कॅल्साइट ३, फ्लोराइट ४, क्वार्ट्झ म्हणजे गारगोटी ७. आपलं नख साधारण अडीच, चाकूचं पातं आणि खिडकीची काच साडेपाचच्या आसपास. ॲमेथिस्ट म्हणजे क्वार्ट्झच, तेव्हा तो काचेवर ओरखडा काढणार आणि चाकूला दाद देणार नाही. तुमच्या जांभळ्यावर चाकू चालला तर ॲमेथिस्ट बाद. आंबाडुंगर म्हणजे कवांटकडचा फ्लोराइटचा डोंगर, त्यामुळे माझी पैज कुठे आहे ते कळलंच असेल.

मग कस. चिनी मातीच्या बरणीच्या बुडाला बिनचकाकीची खरखरीत कडा असते, तिच्यावर दगड घासायचा आणि पडलेल्या भुकटीचा रंग बघायचा. हेमॅटाइट वरून काळा दिसला तरी कस तांबडा-तपकिरीच येतो. सोन्याचा पिवळा, सोन्यासारख्या चकाकणाऱ्या पायराइटचा हिरवट काळा.

मग वजन. किचनच्या डिजिटल काट्यावर दगड तोला. नंतर काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य करा, दगड दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल असा लटकवा, तळाला टेकू देऊ नका. आता जो आकडा येईल त्याने पहिल्या वजनाला भागा, म्हणजे दगड पाण्याच्या किती पट जड ते कळतं. क्वार्ट्झ २.६५, कॅल्साइट २.७१, फ्लोराइट ३.१८.

शेवटी लिंबाचा रस. कॅल्साइटवर बुडबुडे येतात, भुकटीवर जास्त चांगले. डोलोमाइट भलता आळशी, थंड सौम्य ॲसिडसुद्धा अख्ख्या खड्यावर टाकलं तर ढिम्म, भुकटी केली की मग हळूहळू फसफसतो. गाडीवाल्यांशी निम्मे वाद याच्यावरून व्हायचे. तुम्ही मात्र लिंबावरच थांबा, बाथरूम धुवायचं ॲसिड पोराच्या हातात नको.

दांडियाबाजारच्या_वहिनी

काका, जांभळ्यावर चाकूने ओरखडा आला. काचेवर त्याचा आला नाही. वजन ८६ ग्रॅम, पाण्यातला आकडा २८, म्हणजे ३.०७. पण लिंबाने फसफसला की हो! मग कॅल्साइट का?

डोलोमाइट_काका

फसफसला तो जांभळा भाग की पांढरा? भिंग घेऊन पुन्हा थेंब टाका. आंबाडुंगरचा खडक म्हणजे कार्बोनेटाइट, ज्वालामुखीच्या कुळातला असूनही कॅल्साइटने भरलेला, आणि फ्लोराइट त्यातच बसलेलं असतं. कॅल्साइट चिकटलेलं असणार, म्हणूनच तुमचा आकडा ३.१८ च्या जरा खाली आला. फुटलेल्या कोपऱ्यावर त्रिकोणी गुळगुळीत पृष्ठ दिसतात का बघा, फ्लोराइट तसंच फुटतं. क्वार्ट्झ काचेसारखं वेडंवाकडं फुटतं.

खंभाती_अकीकवाला

रतनपोरचा आमच्याकडे सोडा. तो अकीक. घटक क्वार्ट्झचाच, पण स्फटिक इतके बारीक की डोळ्याला दिसत नाहीत, म्हणून मेणासारखी झाक येते. काचेवर ओरखडा काढेल. तपकिरी माल मातीच्या मडक्यात घालून मंद भाजतात, आतल्या लोखंडामुळे लाल होतो. बाजारात दिसणारे लालभडक मणी बहुतेक असे भाजलेले. तुमचा तपकिरी आहे म्हणजे भाजलेला नसावा, तसाच ठेवा.

दांडियाबाजारच्या_वहिनी

पांढराच फसफसतोय, जांभळा गप्प! त्रिकोणही दिसले. काळ्याचा कस काळाच आला. सोनेरीचं काय?

डोलोमाइट_काका

काळा मँगनीजचा. शिवराजपूरला मँगनीजच्या जुन्या खाणी आहेत. हात काळे करतोय म्हणजे पायरोल्युसाइट बऱ्यापैकी आहे, पण अशा खनिजात दोन-तीन प्रकार मिसळलेले असतात. पाटीवर "मँगनीज धातुक" लिहा, ते खोटं ठरणार नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीतच मांडा, नाहीतर प्रदर्शनाचा पांढरा कागद गेला.

सोनेरी चकाकीला सुई लावा. पापुद्रा सुटला आणि वाकून परत सरळ झाला तर अभ्रक. चुरा होऊन काळपट भुकटी पडली तर पायराइट. सुई रुतून खड्डा पडला, चुरा झाला नाही, तर मात्र मला आधी फोन करा.

पावागड_ट्रेकर

मग पावागडावरून आणलेला माझा काळा दगड कुठलं खनिज?

डोलोमाइट_काका

ते खनिज नव्हे, खडक. खनिजाला ठरलेली रासायनिक घडण आणि आतली स्फटिकरचना लागते. बेसॉल्ट असेल तर त्यात फेल्डस्पार, पायरॉक्झीन अशी मंडळी बारीक कणांत एकत्र नांदतात. फिकट, गुलाबीसर असता तर रायोलाइट म्हटलं असतं, पावागडावर तोही आहे. फोटो टाका, पण उन्हातला आणि ताज्या फुटलेल्या बाजूचा.

दांडियाबाजारच्या_वहिनी

पापुद्रा सुटला, वाकला, सरळ झाला. अभ्रक. मुलगा जेवायला आलेला नाही.