आमचा कमरेतून वाकलेला नरकासुर
मुलांना हरायची सवय लागावी म्हणून स्पर्धेत घाला, असं कुणी कुणी म्हणतं. मला तितकंसं पटत नाही. स्पर्धेत परीक्षकावर खापर फोडता येतं, खेळात ती सोय नसते.

सहावीत असताना फोंड्याकडच्या आमच्या वाड्यावर पाच पोरांनी मोठ्यांना न विचारता नरकासुर केला, म्हणजे नरक चतुर्दशीच्या पहाटे जाळतात तो राक्षसाचा पुतळा. बांबूचा सांगाडा, आत सुकं गवत, वर मैद्याच्या खळीने चिकटवलेले वर्तमानपत्रांचे थर. डोकं हौसेने भलंमोठं! ओला कागद किती जड होतो हे कुणाच्या गावी नव्हतं. चतुर्दशीच्या आदल्या रात्री उभा केला, आणि बाराच्या आत साहेब कमरेतून वाकले, मुंडकं थेट तुळशीपाशी. पहाटे जाळायचा तो आधीच मेला. आजोबा पोटभर हसले, हात मात्र लावला नाही. "पायांतलं अंतर बघ रे," एवढंच म्हणाले.

पुढच्या वर्षी पाय फाकवले, मध्ये आडवा बांबू घातला, डोकं पोकळ ठेवलं. (हल्ली बाजारात तयार मुखवटे मिळतात, तो भाग वेगळा.) पहाटेपर्यंत पठ्ठ्या ताठ उभा! बक्षीस मात्र त्याही वर्षी पलीकडच्या वाड्यानेच नेलं.