आजोबांच्या डब्यातला वस्तरा, रोल्स आणि जुना जिलेट: घासून साफ करू का आहे तसंच ठेवू? (नाशिक)

पंचवटीचा_पोऱ्या

नमस्कार मंडळी. पंचवटीतला आमचा जुना वाडा खाली करतोय, बिल्डरला द्यायचाय, तर माळ्यावर बिस्किटाचा पत्र्याचा डबा सापडला, आत आजोबांचं सगळं दाढीचं सामान. आजोबा देवळाली कॅम्पात कॅन्टीनवर कारकून होते म्हणून बहुतेक गोऱ्या साहेबांचं सामान त्यांच्याकडे आलं असावं असं काका म्हणतात, खरं-खोटं देव जाणे.

डब्यात काय आहे ते सांगतो. एक घडीचा वस्तरा, मूठ पिवळसर पांढरी, पात्याच्या मुळाशी चांदणी आणि क्रॉस कोरलाय आणि जोसेफ रॉजर्स, शेफिल्ड, इंग्लंड असं लिहिलंय. मग एक चपटी चकचकीत डबी, दोन्ही बाजूंनी झाकण निघतं, एका झाकणात दगड आणि दुसऱ्यात लाल चामडं, मधे पातं बसवलंय आणि दांडी पुढे-मागे केली की कट्‌कट् आवाज करत ते उलटसुलट होतं, भारी प्रकार आहे. तिसरा जिलेटचा, खालचं टोक फिरवलं की वरचे दोन दरवाजे उघडतात, पण साबण बसून पार जाम झालाय. शिवाय एक केसाळ ब्रश, पितळी वाटी आणि तुरटीचा अर्धा खडा.

भद्रकालीतला एक जुन्या वस्तूंचा व्यापारी येऊन बघून गेला, डबी म्हणे रोल्स रॉइस कंपनीची आहे, आणि सगळ्याचे मिळून दीड हजार देतो म्हणाला. आई म्हणते आधी पितांबरीने लख्ख घास, मग जास्त येतील. मला विकायची घाई नाहीये, उलट जमवायचा नाद लागेल असं वाटतंय. किती जुनं आहे हे कसं कळतं? आणि याने दाढी करता येते का?

धारवाला_कॉलेजरोड

भावा सगळ्यात आधी ती पितांबरी खाली ठेव!! आईंना सांग तांब्या-पितळेची भांडी घासायला ती उत्तम, पण जिलेटवर निकेलचा मुलामा असतो, आत पितळ असतं, चिंच-पावडर-ब्रासो काहीही लावून घासलं की मुलामा जातो आणि पितळ उघडं पडतं, एकदा गेला की गेला. सोन्याच्या मुलाम्याचे रेझर तर अजून नाजूक. जमवणारा माणूस पहिले मुलामा बघतो, चमक नंतर. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा थेंब आणि जुना मऊ टूथब्रश, बास. दरवाजेवाला जाम झालाय ना, तो कोमट साबणपाण्यात रात्रभर बुडवून ठेव, वाळलेला साबण सुटला की टोक आपोआप फिरायला लागेल, पकडीने पिळू नको. मग पुसून सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब.

आता वय. जिलेटचं सोपं आहे. डोक्याच्या खालच्या बाजूला भिंग लावून बघ, एक अक्षर आणि एक आकडा मिळाला पाहिजे. अमेरिकन जिलेटवर अक्षर म्हणजे वर्ष आणि आकडा म्हणजे वर्षातली तिमाही. डब्ल्यू १९५१, एक्स १९५२, वाय १९५३, झेड १९५४, मग परत ए पासून, ए म्हणजे १९५५, बी १९५६ असं पुढे. तिथे इंग्लंड लिहिलेलं असेल तर हा हिशोब तसाच्या तसा लावू नको. आणि तीन तुकड्यांत सुटणारा साधा रेझर पुढे कधी मिळाला तर तो बहुतेक टेक मॉडेल असेल, ते १९३८ पासून निघालं. त्याच्याही आधीचं म्हणजे किंग कॅम्प जिलेटचं मूळ पेटंट, १९०४ चं. १९०३ मध्ये, म्हणजे विक्रीच्या पहिल्या वर्षी, फक्त ५१ रेझर आणि १६८ ब्लेड विकली गेली होती. त्यामुळे कोणी म्हणाला की माझ्याकडे जिलेटचा अगदी पहिला रेझर आहे तर चहा पाजून घरी पाठव.

डबीचं म्हणशील तर रोल्स रॉइसचा काही संबंध नाही, व्यापाऱ्याने गंडवलंय किंवा त्यालाच माहीत नाही. ती रोल्स रेझर, लंडनची वेगळीच कंपनी. चामड्यावर रोज आणि दगडावर कधीतरी, म्हणजे एकच पातं वर्षानुवर्षं चालायचं, नवीन ब्लेड विकत घ्यायलाच नको. पुढे ती कंपनी जॉन ब्लूम नावाच्या माणसाच्या हातात गेली, तो त्याच नावाने वॉशिंग मशीन विकायला लागला आणि १९६४ मध्ये सगळं कोसळलं, तिकडे मोठा गाजावाजा झाला होता त्याचा. तुझ्या डबीत दगड, चामडं, पातं, दांडी सगळं जाग्यावर आहे ना? तेच महत्त्वाचं. बाजारात रोल्स दिसतात पण चामडं फाटलेलं नाहीतर दगड दोन तुकडे. चामड्याला तेल-पॉलिश काही लावू नको.

दाढी जिलेटने खुशाल कर, आजची दुधारी ब्लेड त्यात बरोब्बर बसतात, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातली टोपाझ, सेव्हन ओ'क्लॉक कुठलीही. रोल्सची पाती आता बनत नाहीत, म्हणून ते पातं जप. ब्रशने मात्र दाढी करू नको, आधी सांगतोय. पहिल्या महायुद्धात नीट निर्जंतुक न केलेल्या प्राण्यांच्या केसांच्या ब्रशमधून अँथ्रॅक्स झाल्याच्या केसेस ब्रिटन-अमेरिकेत झाल्या होत्या, त्याचे जंतू सुप्त अवस्थेत लई वर्षं टिकतात. तुझा तसला असेलच असं नाही, पण शंभर-दोनशे रुपयांत नवा येतो, कशाला रिस्क.

गंगाघाट_बुधवार

दीड हजार?? तो व्यापारी पुण्यात नेऊन तेवढे एकट्या डबीचे काढेल. मी दर बुधवारी घाटावरच्या बाजारात फिरतो, जुन्या कुलपांच्या, स्टोव्हच्या पिनांच्या, फुटक्या रेडिओच्या ढिगात एखादा रेझर असतोच, विकणाऱ्याला भाव माहीत नसतो, तू मात्र 'किती जुना आहे हो' असं विचारू नकोस, विचारलं की भाव दुप्पट. स्टोव्हचा भाव कर, कुलपाचा भाव कर आणि जाता जाता रेझर उचल 😄

आणि वस्तऱ्याची मूठ हस्तिदंताची आहे का बघ, असेल तर चांदी आहे तुझी. सुई लाल करून आतल्या बाजूला टेकव. वितळली तर प्लॅस्टिक, नाही वितळली तर हस्तिदंत. एक मिनिटाचं काम.

जुनं_लोखंड

वरच्या साहेबांना हात जोडून विनंती, असले सल्ले देऊ नका. पंचवटीकर, सुई अजिबात टेकवू नकोस. त्या काळात हस्तिदंतासारखी दिसणारी मूठ बऱ्याचदा सेल्युलॉइडची असायची आणि सेल्युलॉइड म्हणजे नायट्रेट, जुन्या सिनेमाच्या रिळांचं जे मटेरियल तेच, लाल सुई लागली की भडकन पेटतं, हातात वस्तरा धरून बसला असशील तर बोटं भाजशील.

ओळखायला आग लागत नाही. भिंग घे आणि उन्हात बघ. आखून काढल्यासारख्या सरळ, सारख्या अंतरावरच्या रेघा असतील तर सेल्युलॉइड. बारीक काळपट ठिपके किंवा तुटक रेघा असतील तर हाड. हस्तिदंतावर रेघा असतात पण वाकड्यातिकड्या, एक जाड एक बारीक, आणि आडव्या छेदात त्या तिरप्या एकमेकींना कापत जातात. दुसरी गोष्ट, अंगठ्याने मूठ जोरात चोळ, गरम झाली की लगेच वास घे. देवघरातल्या कापराचा वास आला तर सेल्युलॉइड नक्की, कारण त्यात कापूर घातलेलाच असतो.

आता समजा हस्तिदंत निघालाच, तरी 'चांदी' वगैरे काही नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. हस्तिदंताची खरेदी-विक्री गुन्हा आहे, वस्तू कितीही जुनी असो, आजोबांची असो नाहीतर पणजोबांची. नेटवर फोटो टाकून 'आयव्हरी हँडल, फिक्स रेट' लिहिणारे बघतो तेव्हा डोक्याला हात लावतो मी. आणि परदेशी गिऱ्हाइकाला पाठवायचा विचार असेल तर अजून एक कायदा आहे, पुरावशेषांचा, तोही १९७२ चाच, शंभर वर्षांवरची वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. हे आधी माहीत असलेलं बरं.

सेल्युलॉइड निघाला तर वेगळीच काळजी. तो सडतो. सडताना आम्लाची वाफ सोडतो आणि ती वाफ पात्याला खाते, म्हणजे मुठीने झाकला जाणारा पात्याचा भाग आधी गंजतो, पिनेपाशी हिरवट धरतं, मुठीला बारीक जाळीदार तडे जातात. आणि डबा बंद असला तर शेजारच्या वस्तूही खराब करतो. त्याला सगळ्यांपासून वेगळा काढायचा, कागदात सैल गुंडाळायचा, हवा लागेल अशा जागी, उन्हापासून लांब. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवलास तर काम तमाम. नाशकात उन्हाळा कोरडा पण जुलै-ऑगस्टमध्ये बाकीच्या सामानात सिलिका जेलच्या पुड्या टाकत जा.

शेफिल्डच्या मार्कबद्दल: चांदणी आणि क्रॉस हा रॉजर्सचा जुना मार्क आहे, १७६४ पासूनचा, पण नुसता तो बघून १७६४ चा वस्तरा समजू नकोस. खाली 'इंग्लंड' लिहिलंय म्हणतोस ना, देशाचं नाव घालायची पद्धत अमेरिकेच्या १८९० च्या आयात कायद्यानंतर रुळली, त्यामुळे तुझा बहुधा त्याच्यानंतरचा. स्पेलिंग पण नीट वाच, रॉजर्समध्ये जी च्या आधी डी पाहिजे. या नावाच्या नकला भरपूर झाल्यात. धार मात्र सायकलवरच्या धारवाल्याकडून लावू नकोस रे बाबा, चाकावर पातं तापलं की त्याचं पाणी उतरतं, मग कितीही घास, धार टिकत नाही.

रामकुंड_नाभिक

सगळं वाचलं. आमचं घराणं रामकुंडावर क्षौर करणाऱ्यांचं, आजा-पणजा तिथेच बसायचे, आता मी शरणपूर रोडला सलून चालवतो. एक सांगू का, राग मानू नका, तुम्ही सगळे इंग्लंड-अमेरिका करताय, पण नाशकातल्या वाड्यांत आणि खेड्यांत ज्या धोकट्या, म्हणजे न्हाव्याच्या सामानाच्या पिशव्या, पडल्यात त्या कोण जमवतंय? आमच्या आज्याची धोकटी चामड्याची होती, तिच्यात दोन वस्तरे, निसणा म्हणजे धारेचा दगड, धार घोळायचं चामडं, नखं काढायची नराणी, कान कोरायचं, कात्री, छोटा आरसा आणि पाण्याची पितळी वाटी. वस्तरा गावच्या लोहाराने बनवलेला, त्याच्यावर ना नाव ना चांदणी, ना कुठलं वर्ष. पण पातं असं की ओल्या दाढीवरून नुसतं सरकायचं. त्याच्यावर आख्ख्या गावाची दाढी व्हायची आणि वर्षाला बलुत्याचं धान्य घरी यायचं. आता ती धोकटी घेऊन त्याच व्यापाऱ्याकडे गेलो तर म्हणतो किलोच्या भावाने घेतो, कंपनीचं नाव नाही ना. म्हणजे ज्याच्यावर शिक्का त्याला किंमत, ज्याने उभ्या गावाची दाढी केली तो भंगार. मला तरी हे पटत नाही.

पंचवटीकर दादा, ती पितळी वाटी तू सगळ्यात शेवटी लिहिलीस, पण तिच्याकडे नीट बघ. आतून-बाहेरून हातोडीचे बारीक ठोके दिसतात का? दिसले तर ती आपल्या तांबट आळीतली असू शकते, आणि साहेबाची नसून आजोबांची स्वतःचीच असणार. काठाच्या खाली नाव कोरलेलं असेल, आपल्याकडे भांड्यावर नाव घालतातच.

वस्तऱ्याने दाढीचं विचारलंस. आम्ही आता सलूनमध्ये अर्धं ब्लेड मोडून घालायचाच उस्तरा वापरतो, गिऱ्हाईक बदललं की ब्लेड बदललं, रक्तातून लागणाऱ्या रोगांमुळे जुना वस्तरा धंद्यातून गेला आणि ते बरंच झालं. घरी स्वतःपुरता वापरायचा असेल तर ठीक, पण आधी कोणाकडून तरी हात बसवून घे. गळ्यापासून सुरुवात करू नकोस एवढं ऐक. चामड्यावर घोळताना पाठ पुढे, धार मागे, उलटं केलंस तर चामडंही कापेल आणि धारही जाईल.

पंचवटीचा_पोऱ्या

बाप रे, एवढं सगळं! सगळ्यांना मनापासून थँक्यू. आईला पितांबरीपासून रोखलंय, ती जरा फुगलीय.

अपडेट देतो. जिलेट रात्रभर भिजवला, सकाळी टोक फिरलं, दरवाजे उघडले, आतून खरवडल्यासारखा पांढरा साबण निघाला. खाली झेड ३ आहे, आणि मेड इन यू.एस.ए., म्हणजे १९५४ ची तिसरी तिमाही, बरोबर ना? म्हणजे गोऱ्या साहेबाची थिअरी गेली, तोवर साहेब कधीच गेले होते 😂 काकांना सांगितलं तर ते म्हणतात मग कोणीतरी बोटीवरून आणला असेल, हार मानायला तयार नाहीत.

मूठ चोळली, कापराचा वास आला, अगदी आरतीचा. रेघा पण सरळ आखल्यासारख्या. पिनेपाशी हिरवट आहे आणि पातं मुठीत बसतं तिथे लालसर गंज सुरू झालाय. वेगळा काढून वर्तमानपत्रात गुंडाळून पुस्तकांच्या कपाटावर ठेवलाय.

वाटी बघितली. ठोके आहेत!! काठाखाली टिंबांनी नाव कोरलंय, आजोबांचं नाही, पणजोबांचं. हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. व्यापाऱ्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं, तर लगेच अडीच हजार म्हणाला.

जुनं_लोखंड

झेड ३ म्हणजे १९५४ तिसरी तिमाही, बरोबर. वर्तमानपत्र नको, त्याचा कागदही आम्लधर्मी असतो, साधा पांढरा सुती कपडा वापर. गंज वाढायच्या आत अगदी बारीक स्टील वूलने हलक्या हाताने काढ आणि तेलाचा हात फिरव, मार्क कोरलाय त्या जागेला मात्र घासू नकोस.

गंगाघाट_बुधवार

सुईचं मागे घेतो बुवा, मी ते व्हिडिओत बघितलं होतं. पंचवटीकर, या बुधवारी घाटावर ये, एक टेक दिसलाय मला, डोकं आहे पण दांडी दुसऱ्याच कुठल्यातरी रेझरची वाटतेय, दोघं मिळून बघू.

रामकुंड_नाभिक

वाटी विकू नका दादा, रेझर हवे तेवढे मिळतील. आणि सलूनला या एकदा, धोकटी दाखवतो, तो लोहाराचा वस्तरा हातात घेऊन बघा. सोमवारी सलून बंद असतं, त्या दिवशी निवांत बोलता येईल. गंगाघाटवाल्यांनाही घेऊन या, फक्त सुई घरी ठेवून यायला सांगा.