मदत हवी आहे: आउटबोर्ड इंजिनाचा बझर उगाचच वाजतोय

हडपसरी_नावाडी
मंडळी, बोटीच्या इंजिनाचा बझर वाजतो आणि मीटरवर बॅटरीचं चिन्ह येतं. इंजिन ठणठणीत आहे, बॅटरी नवी आहे. म्हणजे अलार्म खोटा आहे हे उघड आहे. शनिवारी भिगवणला पाहुणे यायचेत, फ्लेमिंगो बघायला. सेन्सर बदलू की बझरची वायरच काढून टाकू? लवकर सांगा, मेकॅनिक फोन उचलत नाहीये.

जुना_वायरमन
किती एचपी? टू स्ट्रोक की फोर स्ट्रोक? बझर नक्की कधी वाजतो? चावी फिरवल्यावर, स्टार्टर मारताना की बोट चालू असताना? सलग की थांबून थांबून? चावी ऑन केल्यावर एकच छोटी पीप येऊन गप्प होत असेल तर बऱ्याच इंजिनांत ती नुसती तपासणीची असते.

हडपसरी_नावाडी
४० एचपी, फोर स्ट्रोक, इंजेक्शनवालं. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, नाहीतर इथे दोन तट पडतील. बझर कधी कधी वाजतो.

जुना_वायरमन
"कधी कधी" यावर कोण काय सांगणार?

भीमाकाठ
इंपेलर बदला, म्हणजे इंजिन थंड ठेवायला पाणी ओढणारं रबरी चक्र. उजनी धरणात जलपर्णी किती आहे बघताय ना. पाणी ओढायच्या जाळीत अडकली की इंजिन तापतं आणि बझर बोंबलतो. माझंही सेम झालं होतं.

हडपसरी_नावाडी
इंजिन थंड करून बाहेर पडणाऱ्या पाण्याची धार मस्त पडतेय हो.

जुना_वायरमन
भीमाकाठ, तापल्याचं चिन्ह वेगळं असतं. त्यांना बॅटरीचं दिसतंय.

भीमाकाठ
चिन्हावर काय जाता! आधी इंपेलर. स्वस्तातलं काम आहे.

पेट्रोल_परीक्षक
सगळा दोष ई२० चा आहे. २० टक्के इथेनॉल, ते हवेतलं पाणी ओढून घेतं, मग ते पाणी टाकीच्या तळाशी बसतं. बोटीची टाकी महिनोन्महिने उभी असते. पाणी वेगळं करणारा फिल्टर लावलाय का?

हडपसरी_नावाडी
लावलाय. पण त्याचा बॅटरीच्या चिन्हाशी काय संबंध?

पेट्रोल_परीक्षक
संबंध नाही म्हणा, पण लावलेला बरा.

शनिवार_पेठ
वायर काढा, मोकळे व्हा. माझ्या गाडीत सीटबेल्टचा टुणटुण आवाज एक क्लिप खोचून कायमचा बंद केला.

कोरडा_काठ
अहो काका, गाडी बंद पडली तर रस्त्याच्या कडेला उभी राहते. मे २०२४ मध्ये ह्याच उजनीत कळाशी-कुगावच्या मध्ये वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले. पाहुणे घेऊन निघायचं आणि अलार्मचं तोंड दाबायचं? सगळ्यांना लाइफ जॅकेट आहेत का ते आधी सांगा.

शनिवार_पेठ
ती वाऱ्याने उलटली, इंजिनाने नव्हे. उगाच घाबरवू नका.

कोरडा_काठ
वाऱ्यात इंजिन बंद पडलं की बोट लाटेला आडवी होते. पुढचं तुम्हीच सांगा.

जुना_वायरमन
धाग्यावर या. नावाडी, बॅटरी कुठली, किती एएचची (अँपिअर-अवरची)? तिच्यावर अजून काय काय जोडलंय?

हडपसरी_नावाडी
१५० एएच ट्युब्युलर, घरच्या इन्व्हर्टरसाठी घेतली होती. १२.६ व्होल्ट दाखवते, म्हणजे फुल चार्ज. पाणी उपसायचा पंप, फिशफाइंडर आणि मोबाइल चार्जर आहे. सगळ्यांना असतं तेवढंच. आणि हो, बझर स्टार्टर मारताना वाजतो, नंतर इंजिन हळू चालत असलं की अधूनमधून.

जुना_वायरमन
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. १२.६ हा आरामात बसलेल्या बॅटरीचा आकडा, त्यावरून चार्ज कळतो, बाकी काही नाही. स्टार्टर शंभर अँपिअर ओढत असेल आणि एखाद्या सांध्यात नुसता ०.०२ ओहम रोध असेल, तर २ व्होल्ट तिथेच खर्च होतात. साध्या मल्टिमीटरवर ओहम मोजून एवढा रोध धड दिसत नाही. इंजिनाच्या कंट्रोलरला मात्र कमी व्होल्टेज मिळतं आणि तो ओरडतो. तो खरंच बोलतोय, सेन्सरला हात लावू नका.

मोजायचं असं: मीटर डीसी व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटीवर, लगवर (केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीवर) नाही. दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर. कुणालातरी स्टार्टर मारायला सांगा. ०.३ च्या वर गेलं तर त्या वाटेत घाण आहे. प्लसकडेही तसंच, खुंटी ते स्टार्टर.

ट्रॅक्टरवाला_इंदापूर
ट्युब्युलर काय वाईट नाय. माझ्या ट्रॅक्टरला तीच हाय, दोन वर्षं काय झालं नाय.

जुना_वायरमन
चालते, नाही कोण म्हणतं? पण तिच्या जाड प्लेटा पंखे-दिवे तासन्‌तास चालवायला केलेल्या असतात, स्टार्टरला एकदम झटका लागतो. शिवाय पन्नास किलोच्या वरचं धूड, बोट हलली की आतलं ॲसिड डचमळतं.

भीमाकाठ
इंपेलर बघितला का?

हडपसरी_नावाडी
मोजलं. मायनसकडे १.१ आलं, प्लसकडे ०.२. खुंटीवर पाकळीचा नट आहे, त्याखाली सगळ्या बारीक वायरींच्या रिंगा आणि त्यांच्यावर इंजिनाची जाड केबल. लगवरची रबरी नळी मागे सरकवली तर आत तांबं हिरवंगार, बोट लावलं की भुगा पडतो. मी म्हणतच होतो, सेन्सर नसणार.

जुना_वायरमन
ते तुम्ही कधी म्हणालात? असो. केबल हिरवी पडलेल्या जागेच्या मागून कापा, आतलं तांबं चकचकीत दिसेपर्यंत. नाना पेठेत ऑटो पार्टवाल्यांकडे जाड लग दाबून मिळेल, कल्हई केलेल्या तांब्याची केबल मिळाली तर उत्तम. जाड लग सर्वांत खाली, शिशाला टेकलेला. पाकळीचा नट काढा, हाताने आवळलेला नट इंजिनाच्या थरथरीने सैल होतो. साधा षटकोनी नट आणि स्प्रिंग वॉशर, पान्याने आवळा. पंप-चार्जरच्या वायरी वेगळ्या पट्टीवर न्या, फ्यूज टाकून.

फिरस्ती_पिंपरी
धाग्याशी संबंध नाही, पण भिगवणला बोटीचे माणशी किती घेतात? आणि सकाळी किती वाजता निघावं?

भीमाकाठ
उजाडायच्या आत कुंभारगावला पोचा. ऊन चढलं की पक्षी लांब सरकतात. दर खासगी निरोपात कळवतो.

हडपसरी_नावाडी
लग बदलला, नट बदलला. मायनसकडे आता ०.१५. स्टार्टर मारताना बझर गप्प. पण इंजिन हळू असताना पंप लावला की चिन्ह अजून येतं.

जुना_वायरमन
हळू चालताना इंजिन फार करंट बनवत नाही, पंप त्यातलाच खातो. बोट किनाऱ्याला पक्की बांधून, न्यूट्रलमध्ये वेग थोडा वाढवा आणि खुंटीवर मोजा. १४ च्या आसपास आलं तर चार्जिंग बरोबर आहे, पंप गरजेपुरता लावा. १२.६ लाच अडकलं तर इंजिनाचा चार्जिंग सांभाळणारा रेग्युलेटर किंवा त्याची वायर बिघडली असेल. आकडा इथे टाका, आणि तो कळेपर्यंत पाहुण्यांना बसवू नका.

शनिवार_पेठ
वायर काढली असती तर एवढं काहीच करावं लागलं नसतं.